मंचुरियन

फतेगंजच्या पुलाखाली माझी लारी.
बोर्डावर लाल ड्रॅगन; शेपटीपाशी रंग कमी पडला
म्हणून तो गाजरासारखा संपतो.
कढईवर टेकबहादूर, बागलुंगचा.
गिऱ्हाइकं त्याला चिना म्हणतात
आणि म्हणूनच मी त्याला पुढे उभा करतो.
धंदा आहे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा ताटली हातात धरून
नुसती बोर्ड वाचत राहिली.
फाइन आर्ट्सची पोरगी, छापे काढते,
नखांच्या कडांना शाई.
तोडक्या हिंदीत म्हणाली,
तो चौथा शब्द, कोबीच्या गोळ्यांचा,
ते आम्ही.

मला वाटलं, चीन म्हणतेय.
नाही म्हणाली. चीन पासपोर्टवर आहे, ते बरोबरच आहे.
पण घरच्या ओळखपत्रावर आणखी एक रकाना असतो,
जात नव्हे, लोक कुठले असं काहीतरी,
छप्पन्न उत्तरं चालतात.
आजीनं भीतीच्या वर्षांत तिथे ‘हान’ लिहिलं,
शेजारीपाजारी लिहीत होते तसं.
आईनं पुढे ते बदलून परत ‘मांचू’ करून घेतलं.
का?
थोडी आठवण, म्हणाली. थोडे परीक्षेचे मार्क.
यावर मी इतका हसलो की सॉस सांडला.
दाखल्यांचं मला काय सांगतेस, बाई.

आडनाव ग्वान. त्याच्या आधी लांबलचक होतं, ग्वालगिया.
मी म्हटलं, ग्वाल्हेर?
माझी आत्या दिलीय तिथे.

आणि भाषा?
सात शब्द.
एनिये म्हणजे आई.
मुके म्हणजे पाणी.
बाकीचे पाच तिनं सांगितले, मी विसरलो.
मी म्हटलं, आमच्यात मुके म्हणजे
ज्यांना बोलता येत नाही ते,
शिवाय बाळाचे घेतात तेही.
तिनं वहीत लिहून घेतलं.
तेव्हापासून तहान लागली की लांबूनच ओरडायची,
शितोळे, मुके!
दांडिया बाजारचे एक आजोबा सूप पिताना ठसकले.

एकदा घरी जेवायला आली.
पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या पागेची सनद आहे, मोडीत.
कुणाला वाचता येत नाही,
दिवाळीच्या आधी ऊन दाखवतो आणि परत ठेवतो.
तिनं ती हातात घेतली आणि उभी फिरवली,
ओळी वरून खाली पडतील अशी.
तशीही कळेना.
माझी मुलगी शाळेत गुजराती बोलते, फोनवर हिंदी,
रागावली की मराठी.
त्या दिवशी नेमकी रागावलेली नव्हती.

मग मी बोर्ड खाली उतरवला, ब्रश दिला.
लिही, म्हटलं, तुमच्या अक्षरांत तुमचं नाव,
‘मंचुरियन ड्राय ९०’च्या शेजारी जागा आहे.
वरून खाली एकच कणा काढला तिनं,
त्याला दात, गाठी, एक टिंब.
दुसऱ्या दिवशी तिघांनी सांगितलं,
काका, रंग ओघळलाय, पुसून घ्या.

मार्चमध्ये दबाणवाले आले.
साहेब सरळ माणूस, यादी नीट करत होता:
बाकडी दोन. कढई एक. बोर्ड एक.
ही कई भाषा?
मांचू, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं, चायनीज.
माझं नाव विचारलं, शितोळे सांगितलं,
आणि न विचारता पुढे जोडलं, महाराष्ट्रवाळा.
सात पिढ्या, साहेब, असं म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात तो टेकबहादूरकडे वळला होता.
त्याला तर काही विचारलंही नाही.

ती पुलाच्या खांबापाशी उभी होती, कॉलेजातून येता येता थांबलेली.
ट्रक वळेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग हळूच म्हणाली, मुके.
मी सवयीनं हात पुढे केला.
जग ट्रकमधून गेला होता.